वाचकाने वाचकाला सांगितलेले : मराठी ग्रंथवाचनाच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

मराठी वाङ्मयाचे जे इतिहास आजवर लिहिले गेले, त्यांत ग्रंथकार आहेत, ग्रंथ आहेत, संप्रदाय आणि कालखंड आहेत; टीकाकारांचे वादही सविस्तर आलेले आहेत. वाचक मात्र त्यांत अभावानेच आढळतो. विनायक लक्ष्मण भावे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या स्थापनेत (१८९३) त्यांचा पुढाकार होता. म्हणजे वाचकांसाठी त्यांनी घर उभारले. त्याच भाव्यांनी पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' हा वाङ्मयेतिहास सिद्ध केला, तेव्हा त्या घरातील माणसे त्यात आली नाहीत. हा भाव्यांचा दोष नव्हे. इतिहास हा लिहिणाऱ्यांचा असतो, वाचणाऱ्यांचा नसतो, अशी त्या काळी सर्वत्र रूढ समजूत होती आणि ती आपल्या अभ्यासक्रमांत अद्याप टिकून आहे.

एखादा ग्रंथ एखाद्या माणसाने का उघडला, या साध्या प्रश्नाला तीन उत्तरे संभवतात. त्याने त्या ग्रंथाची जाहिरात पाहिली असेल. त्यावरील परीक्षण वाचले असेल. किंवा कोणीतरी त्याला 'हे वाच' असे सांगितले असेल. पहिल्या दोहोंचे पुरावे छापील असल्याने ते अभ्यासकाच्या हाती लागतात. तिसरे उत्तर तोंडी असते, म्हणून ते हरवते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मराठी वाचनाभिरुची घडविण्यात या तिसऱ्या प्रकाराचा, म्हणजे वाचकाने वाचकाला केलेल्या शिफारशीचा वाटा टीकेहून अधिक होता. आणि ही शिफारस ज्या वर्तुळात फिरत असे, त्याची जातीची व लिंगभेदाची कुंपणे जेथे जेथे ओलांडली गेली, तेथे केवळ वाङ्मयीनच नव्हे तर सामाजिक इतिहासालाही वळण मिळाले.

श्रवणाकडून वाचनाकडे

मुद्रणपूर्व महाराष्ट्रात ग्रंथ हा प्रामुख्याने ऐकण्याचा विषय होता. चातुर्मासात देवळात किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर पोथी लागे. पुराणिक वाची, मंडळी ऐकत. श्रीधराचे हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप आणि शिवलीलामृत हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सिद्ध झाले आणि पुढील दोन शतके घरोघर वाचले गेले. त्यांना कोणा परीक्षकाने मान्यता दिली नव्हती. एका गावातील श्रोता दुसऱ्या गावी सोयरिकीच्या निमित्ताने जाई, तेथे 'आमच्याकडे पांडवप्रताप लागला आहे' असे सांगे, आणि पोथीची नक्कल करून घेण्याची निकड त्यातून निर्माण होई. नक्कल करणे हे कष्टाचे आणि खर्चाचे काम असल्यामुळे अशी प्रत्येक हस्तलिखित प्रत ही एका अर्थी कोणाच्या तरी आवडीची पावतीच होय. मुद्रणाची सोय झाल्यावर छापखान्यांनी हेच ग्रंथ पुनःपुन्हा छापले, यात आश्चर्य नाही. मागणी आधीपासून तयार होती.

या श्रवणाच्या वर्तुळात स्त्रिया होत्या, निरक्षरही होते. मात्र सर्व जातींना तेथे समान जागा नव्हती. कोण ओसरीवर, कोण अंगणात आणि कोण आवाजाच्याही पलीकडे, हे ठरलेले असे. पुढील सर्व विवेचनात ही बैठकीची रचना ध्यानात ठेवावी लागते, कारण छापील पुस्तक आल्यावरही ती लगेच मोडली नाही.

वाचनालयाची बैठक

एकोणिसाव्या शतकात 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावाने निघालेल्या संस्थांनी वाचनाला एक नवी जागा मिळवून दिली. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर म्हणजे सध्याचे अहिल्यानगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) आणि कोल्हापूर (१८५०) येथील वाचनालये या परंपरेतील होत. पुण्याच्या वाचनालयाच्या उभारणीत लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचा सहभाग होता. आरंभी या संस्थांवर युरोपीय अधिकाऱ्यांच्या आश्रयाची आणि इंग्रजी ग्रंथांची छाया होती. वर्गणीदार बहुतांशी सरकारी नोकर, वकील व शिक्षक होते. तथापि या संस्थांचे खरे महत्त्व कपाटांतील ग्रंथांपेक्षा वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती जमणाऱ्या मंडळींत आहे, असे मला वाटते. तेथे एकाने वाचायचे आणि चौघांनी ऐकायचे ही जुनी रीत नव्या वेषात चालू राहिली. वाचून झाल्यावर चर्चा होई, आणि चर्चेतून एखाद्या पुस्तकाचे नाव निघे.

मुद्रित मराठी ग्रंथांची संख्या १८६० नंतर इतकी वाढली की त्यांची मोजदाद करण्याची गरज सरकारला भासू लागली. सर अलेक्झांडर ग्रँट यांनी मुंबई इलाख्यातील १८६४ अखेरपर्यंतच्या देशी प्रकाशनांची सूची सिद्ध केली. १८६७ च्या कायद्याने पुस्तकांची नोंदणी सक्तीची झाली. त्यामुळे काय छापले गेले हे आपल्याला बऱ्याच अंशी ठाऊक आहे. काय वाचले गेले, हे मात्र या सूच्या सांगत नाहीत. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेतला तोही नोंदलेल्या ग्रंथांच्या आधारेच. छापलेले आणि वाचलेले यांत किती अंतर असते, हे आपल्यापैकी ज्यांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवर काम केले आहे त्यांना वेगळे सांगावयास नको.

हे अंतर कादंबरीच्या बाबतीत ठळकपणे दिसते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये आली. तिच्यामागून नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी भाषांतरास आरंभ केलेल्या अरबी भाषेतील सुरस गोष्टींनीही याच दशकात वाचकांना वेड लावले. अद्भुत योगायोग, सुंदर राजकन्या आणि सुखान्त यांनी भरलेल्या कादंबऱ्यांवर काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या सुमारास आपल्या 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंधा'त कठोर टीका केली. विद्वानांना ती पटली. वाचकांनी मात्र आपला छंद सोडला नाही. या प्रकारच्या कादंबऱ्या पुढेही लिहिल्या व वाचल्या जात राहिल्या. टीकाकार एका बाजूला आणि एकमेकांच्या हातून पुस्तके घेणारे वाचक दुसऱ्या बाजूला, अशी ही फारकत मराठीत आरंभापासूनच आहे. तिला अभिरुचीचा ऱ्हास म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु ज्या वाचकांनी 'मुक्तामाला' हातोहात फिरविली, त्यांनीच कादंबरी वाचण्याची सवय महाराष्ट्रात रुजविली. हरि नारायण आपटे यांना १८९० साली 'करमणूक' काढताना जो वाचक तयार मिळाला, तो याच सवयीतून घडला होता.

वर्तुळाबाहेरचे वाचक

स्त्रियांच्या वाचनाचा इतिहास हा बव्हंशी लपविलेल्या वाचनाचा इतिहास आहे. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांना अक्षरओळख झाली ती विवाहानंतर, घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध सोशीत. पती गोविंद वासुदेव कानिटकर हे स्वतः साहित्यिक होते आणि हरिभाऊ आपटे त्यांचे स्नेही. या स्नेहातून काशीबाई आणि हरिभाऊ यांच्यात साहित्यविषयक विचारविनिमय व पत्रव्यवहार झाला. सरोजिनी वैद्य यांनी काशीबाईंचे आत्मचरित्र व चरित्र एकत्र सिद्ध केल्यामुळे हा दुवा अभ्यासकांसमोर आला. 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध होत होती, त्या काळात एका स्त्रीशी वाचलेल्या व लिहावयाच्या गोष्टींविषयी बरोबरीच्या नात्याने बोलण्याची संधी लेखकाला होती, ही बाब त्या कादंबरीच्या अभ्यासात केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पुढे काशीबाई स्वतः ग्रंथकर्त्या झाल्या, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनी लिहिले. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' (१९१०) या ग्रंथातही शिकणाऱ्या सुनेला घरातील स्त्रियांकडून सोसावा लागलेला उपहास आला आहे. वाचणाऱ्या स्त्रीला पुस्तक सुचविणारी दुसरी स्त्री भेटणे हेच मुळी त्या काळी दुर्मीळ होते. बहुधा तो सुचविणारा पतीच असे, आणि म्हणून आवडही काही अंशी त्याचीच असे.

जातीच्या कुंपणाची गोष्ट याहून कठीण. जोतीराव फुले यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे की, १८४७ च्या सुमारास, विशीत असताना, त्यांनी आपल्या मित्रांसह टॉमस पेन याचा 'राइट्स ऑफ मॅन' वाचला. सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर हे त्या मित्रमंडळातील होत. हे ब्राह्मण मित्र आणि माळी समाजातील जोतीराव एका पुस्तकाभोवती एकत्र बसले. ओसरी आणि अंगण हा भेद तेथे उरला नाही. पुढच्याच वर्षी मुलींची शाळा निघाली. एका पुस्तकामुळे शाळा निघाली असे म्हणणे हे कार्यकारणभावाचे अतिसुलभीकरण होईल; पण ज्या मंडळींनी एकत्र वाचले, त्यांच्यापैकी काहींनी एकत्र काम केले, एवढे निश्चित.

याच फुल्यांनी १८८५ मध्ये पुण्याच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारले. त्यांचे उत्तर 'ज्ञानोदया'त त्या वर्षी जूनमध्ये प्रसिद्ध झाले. या पत्राचा अर्थ सामान्यतः ग्रंथकारांच्या सभेतील प्रतिनिधित्वाच्या अंगाने लावला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु वाचनाच्या इतिहासाच्या दृष्टीनेही ते पत्र वाचावे. ज्यांना माणुसकीचे हक्कच मान्य नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे एका समाजाचा 'आवडता ग्रंथकार' दुसऱ्या समाजाला निव्वळ परका वाटू शकतो, आणि 'मराठी वाचक' असा एकसंध समूह गृहीत धरणेच चुकीचे, ही जाणीव आपल्याकडे या पत्राइतक्या स्पष्टपणे पूर्वी व्यक्त झाली नव्हती.

नियतकालिके आणि देवघेव

विसाव्या शतकात शिफारशीला छापील रूप मिळू लागले. 'विविधज्ञानविस्तार' (१८६७–१९३७) सारख्या मासिकांतून परीक्षणे येत, आणि परीक्षणाची योग्यता नसलेल्या पुस्तकांची 'साभार पोच' छापली जाई. (या दोन शब्दांत मराठी संपादकांनी किती लेखकांची निराशा गुंडाळली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.) का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. वाचनाच्या इतिहासात या प्रथेचे स्थान विशेष आहे. सार्वजनिक ग्रंथालयांनी पुढे दिवाळी अंकांसाठी एकरकमी वर्गणीची योजना चालविली. तीत शे-दीडशे अंक दोनतीन महिन्यांत हातोहात फिरतात आणि कोणत्या अंकातील कोणती कथा वाचावी, हे देवघेवीच्या खिडकीपाशी उभ्याउभ्याच ठरते. ग्रंथपालाचे 'हा नेला का तुम्ही?' हे वाक्य अनेक गावांत सर्वांत प्रभावी समीक्षा ठरले आहे.

पुस्तकांविषयीचेच मासिक म्हणून 'ललित' १९६४ मध्ये निघाले आणि ग्रंथव्यवहाराविषयीची जी गप्पागोष्टींची भाषा दुकानांत व वाचनालयांत होती, तिला त्यात स्थान मिळाले. जयवंत दळवी यांनी 'ठणठणपाळ' या टोपणनावाने लिहिलेले सदर त्याचा उत्तम नमुना होय. साहित्यिकांची थट्टा करणारे हे सदर वाचकाला विश्वासात घेऊन बोलते. लेखक मोठा आणि वाचक धाकटा ही श्रेणी त्यात नाही.

दरम्यान १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने शाखांच्या द्वारे वाचन कामगार व मध्यमवर्गीय वस्त्यांपर्यंत नेले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि अनुदानासाठी नोंदवह्या ठेवणे आवश्यक झाले. अनुदानाची ही कागदपत्रे इतिहासकाराला अनपेक्षितपणे उपयोगी पडणारी आहेत.

साधने आणि त्यांचे निर्लेखन

वाचकाची शिफारस तोंडी असली, तरी तिच्या खुणा मागे राहतात. पुस्तकाला चिकटविलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर ते किती वेळा, किती अंतराने बाहेर गेले हे कळते. लागोपाठच्या तारखा असतील तर पुस्तक एका वाचकाकडून दुसऱ्याकडे जवळजवळ थेट गेले, असे अनुमान करता येते. सूचनावहीत वाचक नाव घालून पुस्तकाची मागणी करतो, क्वचित कारणही देतो. मलपृष्ठाआधीच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले 'अवश्य वाचावे' किंवा 'वेळ फुकट गेला' असे शेरे हे नियमभंगाचे नमुने असले, तरी त्यांखाली दुसऱ्या हस्ताक्षरात आलेली उत्तरे हा वाचकांचा आपसांतील संवादच असतो. दाखल नोंदवहीतील 'गहाळ' हा शेरा तर विशेष लक्ष देण्याजोगा. वार्षिक पडताळणीत सापडत नाहीत ती पुस्तके बहुधा कोणाला तरी फार आवडलेली असतात.

ही साधने आज वेगाने नष्ट होत आहेत, आणि त्यात आपल्या महाविद्यालयांचाही हातभार आहे. निर्लेखनाच्या वेळी जीर्ण पुस्तके रद्दीत जातात, त्यांबरोबर चिठ्ठ्या आणि शेरेही जातात. नव्याने बांधणी करताना पहिली व शेवटची पाने कापली जातात. संगणकीकरण झाल्यावर जुनी देवघेव रजिस्टरे निरुपयोगी ठरतात, आणि मूल्यांकन समिती येण्यापूर्वीच्या साफसफाईत ती हटकून बाहेर निघतात. दुर्मीळ ग्रंथांच्या अंकीकरणाचे प्रकल्प ठिकठिकाणी झाले, ही समाधानाची गोष्ट; पण त्यांत ग्रंथाची स्वच्छ प्रत निवडली जाते, वाचकांनी मळविलेली नव्हे. इतिहासाला हवी असते ती मळलेली प्रत. निर्लेखनाच्या यादीबरोबर किमान देवघेव रजिस्टरे आणि सूचनावह्या वेगळ्या काढून ठेवाव्यात, एवढा ठराव ग्रंथालय समितीला सहज करता येईल. त्यासाठी निधी लागत नाही, एक कपाट लागते.

आठवण हेही असेच एक साधन आहे, आणि ते वापरताना कोणती दक्षता घ्यावी लागते हे एका सुपरिचित उदाहरणावरून दाखविता येते. कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी आपले 'गौतम बुद्धाचे चरित्र' (१८९८) तरुण भीमराव आंबेडकरांना भेट दिले. चरित्रकारांच्या कथनानुसार हा प्रसंग १९०७ चा; आंबेडकर मॅट्रिक झाल्याबद्दल सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सभेतला. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे केळूसकर गुरुजींचे लक्ष त्याआधीच गेले होते. खुद्द आंबेडकरांनी १९५६ मध्ये 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र ही सभा आपण इंग्रजी चौथी इयत्ता उत्तीर्ण झाल्याबद्दल होती, आणि अध्यक्षस्थानी दादा केळूसकर होते, असे नमूद केले आहे. दोन्ही वृत्तान्तांचा मेळ बसत नाही. जवळजवळ अर्धशतकानंतर लिहिलेल्या आठवणीत इयत्ता मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. कदाचित परीक्षेपेक्षा पुस्तकच अधिक लक्षात राहिले असेल. भेटीविषयी मात्र दोन्ही साधनांत एकमत आहे, आणि वाचनाच्या इतिहासाला तेवढे पुरेसे आहे.

प्रस्तावनेतील पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. वडील रामजी सुभेदार मुलांकडून रोज रामायण-महाभारताचे वाचन करवून घेत. बुद्धचरित्र वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले की, ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हीनता सांगणारे हे ग्रंथ तुम्ही आम्हांला का वाचावयास लावता? वडिलांना प्रश्न आवडला नाही. आपण अस्पृश्य असल्याने मनात न्यूनगंड निर्माण होतो, तो द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्या कथांनी जावा, असे त्यांचे उत्तर होते. मुलाचे समाधान झाले नाही. ओसरीवरच्या पोथीची शतकांची परंपरा आणि एका वाचकाने दुसऱ्याच्या हाती ठेवलेले पुस्तक, यांचा सामना येथे एका घरात, बापलेकांच्या संभाषणात झालेला दिसतो. वडिलांची निवड प्रेमापोटी होती, केळूसकरांचीही. मुलाने त्यांपैकी एक स्वीकारली.

'द बुद्ध अँड हिज धम्म' लेखकाच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. भगवान दास यांनी १९८० मध्ये ती प्रकाशात आणली.